बोर्डात तीन मेंबर लागतात

कॉम्प्युटर चालू करण्याआधी सुभेदार त्याच्या डब्यावर बोटाच्या पेरानं दोनदा ठकठक करायचे आणि म्हणायचे, "जवान, रिपोर्ट!" मग बटण दाबून, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. पडद्यावर सगळी चित्रं येईपर्यंत खुर्चीत बसायचं नाही, असा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता. त्या कॉम्प्युटरला जागं व्हायला एवढा वेळ लागायचा, की तेवढ्यात आत काकींचा चहा उकळून, गाळून, कपात पडून बाहेर यायचा. तरी सुभेदार उभेच. मी मात्र खुर्ची ओढून बसून घ्यायचो. उभं राहायची हौस माझी दुकानात आठवडाभर भागलेली असते.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत निम्म्या फाटकांवर नावाच्या आधी हुद्दा लिहिलेला आहे. तुमच्याकडेही असेल अशी एखादी कॉलनी. सकाळी फिरायला निघालेली म्हातारी माणसं नकळत एका पावलात चालताना दिसली, की ओळखायचं. सुभेदार माझे शेजारी. मधे कमरेएवढी भिंत. मूळचे खटावकडचे. फौजेतली सगळी नोकरी स्टोअरमध्ये झालेली. "गोळ्या झाडल्या कमी, मोजल्या लय," असं ते स्वतःच सांगायचे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही. एस.टी. स्टँडाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी आयटीआय झालेला माणूस, पण त्यांनी पहिल्या दिवशी मला 'इंजिनेर' म्हटलं ते कायमचं.

माझं काम काय असतं, ते सांगतो. लोक दहा वर्षांचा कॉम्प्युटर घेऊन येतात आणि म्हणतात, पहिल्यासारखा पळव. आणि फुकटातलं काहीतरी टाकून पळव. मी सोमवार ते शनिवार हे ऐकतो. रविवारी मला कुणाच्या कॉम्प्युटरचं तोंड बघायचं नसतं. दुपारचं जेवण, पंखा आणि झोप, एवढीच माझी अपेक्षा असते. आणि नेमकी रविवारीच दुपारी भिंतीवरून हाक यायची, "इंजिनेर, हायस का?"

नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांचं काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. मुलगा पुण्याला. आईबापांनी आपल्याकडे येऊन राहावं म्हणून मागे लागलेला. त्याचंही चूक नव्हतं. काकींच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. मिरजेच्या डॉक्टरांकडे बऱ्याच खेपा झाल्या, पण नजर परत आली नाही. मधलं सगळं धुरकट, कडेनं थोडंफार दिसायचं. तशात एक महिना त्या पुण्याला राहून आल्या. फ्लॅटमध्ये दारांना धडकून कपाळाला टेंगूळ घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "हितं मला दिसायची गरजच लागत न्हाई. हाताला सगळं ठावं हाय." मग मुलानं एक अट घातली. दर रविवारी अकरा वाजता दोघांनी कॉम्प्युटरवर त्याच्यासमोर यायचं. दोघंही दिसली पाहिजेत, बोलली पाहिजेत. ज्या रविवारी दिसणार नाहीत, त्या दिवशी तो गाडी घेऊन येणार आणि दोघांना उचलून नेणार. काकींनी अट मान्य केली. माझ्या फोनवर त्यांना नातू म्हणजे नुसता डाग दिसायचा. त्या मोठ्या पडद्याला नाक लावून, मान तिरकी करून बघितलं, तर त्याचे दात दिसायचे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. तो डबा रविवारी अकराला अडकला, तर नातवाचे दात तर जाणारच होते, पण काकींचं घरही जाणार होतं.

"ह्याची साफसफाई करायचं फुकटातलं काय तरी बघ," सुभेदार म्हणाले. मी त्यांना समजावून सांगितलं. एका फायलीचे तुकडे डिस्कवर ठिकठिकाणी पडलेले असतात. ते गोळा करण्यात वेळ जातो, म्हणून मशीन मंद होतं. त्यांना लगेच कळलं. "म्हंजी एकाच सेक्शनची पोरं येगयेगळ्या बराकीत झोपल्यात. फॉलिनला, रांगेत उभं ऱ्हायाला, येळ लागणारच की!" मी म्हटलं, बरोबर. आणि त्यांना ओळीत झोपवायचं साधन कॉम्प्युटरबरोबरच येतं, वेगळं काही आणायला नको. माझ्या मते विषय तिथं संपला होता. मी चप्पल शोधायला लागलो.

"नगं," ते म्हणाले. "आपल्याच युनिटनं आपलीच तपासणी करायची नसती. तपासणीला भायेरचा माणूस लागतो. न्हाईतर समदंच ठीकठाक निघतं."



मग भरती सुरू झाली. दर रविवारी एक उमेदवार. मी दुकानातून पेनड्राइव्हवर एखादं फुकटातलं सॉफ्टवेअर आणायचं, त्यांनी ते उभ्यानं पारखायचं. पहिल्यानं लाल अक्षरांत आरडाओरडा केला, की तुमचा कॉम्प्युटर संकटात आहे, हजारो चुका सापडल्या आहेत. चुका काढायचं बटण दाबलं, तर पैसे मागायला लागला. "आधी भ्या दाखवतो, मग हात पसरतो. अनफिट," सुभेदार म्हणाले. दुसऱ्यानं आपल्याबरोबर आणखी चार सॉफ्टवेअर न विचारता आत घेतली. पडद्याच्या वर कसल्या कसल्या पट्ट्या आल्या, कोपऱ्यात पत्त्यांच्या खेळाची जाहिरात नाचायला लागली. "एकाला जेवाय बोलावलं आन् ह्यो भावकी घिऊन आला." त्यांना बाहेर काढण्यात माझा अख्खा रविवार गेला. तिसरं स्वतःच इतकं जड होतं, की त्यानं साफसफाई सुरू केल्यावर माउसचा बाण हलेना. सुभेदारांनी त्याला काहीच शेरा दिला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

शेवटी एक सापडलं. अगदी लहान, साधं. जाहिरात नाही, आरडाओरडा नाही. उघडलं की सगळी डिस्क चौकटी-चौकटींत दिसायची. विखुरलेलं ते लाल, ओळीत लागलेलं ते निळं. काम चालू असताना लाल चौकट इथून नाहीशी व्हायची आणि तिकडे निळी होऊन बसायची. खाली बनवणाऱ्यानं लिहिलं होतं, की हे मी माझ्या रिकाम्या वेळात केलं आहे, वापरा. सुभेदारांनी मला ते दोनदा मराठीत सांगायला लावलं.

"मग त्याच्या घरचं कसं चालतं?"

"नोकरी करत असेल काहीतरी."

"त्याला कळव. म्हणावं, तुझा जवान साताऱ्यात ड्यूटी चांगली करतोय."

मी कळवलं. उत्तर आलं नाही. त्यानंतर कितीतरी रविवार त्यांनी त्याची चौकशी केली आणि मी दर वेळी नाही म्हणून सांगितलं.

पण ते सॉफ्टवेअर निवडलं ते काकींनी, हे खरं. पहिल्यांदा ते चालू झालं, तेव्हा त्या चहा ठेवायला आल्या होत्या. मान तिरकी करून बघत राहिल्या. "ह्ये मला दिसतंय," त्या म्हणाल्या. टीव्हीतली माणसं त्यांना दिसायची बंद झाली होती, पण लाल आणि निळं दिसत होतं. तेव्हापासून तो त्यांचा कार्यक्रमच झाला. शेजारी स्टूल घेऊन बसायच्या आणि मधूनमधून विचारायच्या, "लाल कमी झालं का हो?" सुभेदार सांगायचे, "व्हतंय. दमानं." दोघं तासन् तास एका डिस्कची आवराआवर बघत बसायची. लग्नाला पन्नासेक वर्षं झाल्यावर माणसं काय बघतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

ओळीत लावायचं काम झालं, तरी डबा भरलेला होताच. काही काढून टाकल्याशिवाय जागा होणार नव्हती. आणि इथं सुभेदारांचं स्टोअर आडवं आलं. फौजेत मोडकी बादलीसुद्धा एकट्याच्या मर्जीनं टाकता येत नाही म्हणे. त्यासाठी बोर्ड बसतो. तीन मेंबर ती बादली बघतात, कंडम ठरवतात, सह्या करतात, मगच ती जाते. "बोर्डात तीन मेंबर लागत्यात," ते म्हणाले, आणि आमच्या घरगुती बोर्डाचे अध्यक्ष ते स्वतः, मेंबर काकी आणि मी, असं जाहीर करून टाकलं.

बोर्डाचं काम असं चालायचं. सॉफ्टवेअर काढून टाकण्याजोग्या फायली दाखवायचं. सुभेदार एकेक नाव मोठ्यानं वाचायचे.

"सूनबाईच्या डोहाळजेवणाचा फोटू. दोन डाव हाय."

"दोन डाव का?" काकी विचारायच्या.

"एकात तिचं डोळं मिटल्यात."

"ऱ्हाऊ द्या की. खातंय का काय?"

मी म्हणायचो, "काकी, खातंय. जागाच खातंय ते."

"मग खाऊ दे की थोडं. एवढा मोठा डबा हाय."

एकमत झाल्याशिवाय कंडम नाही, आणि काकी असेपर्यंत एकमत नाही. कॉम्प्युटरनं आपला आपण केलेला कचरा तेवढा त्या जाऊ द्यायच्या. बाकी डोळे मिटलेली सून, उलटा निघालेला गावच्या जत्रेचा व्हिडिओ, मुलाचे कराडच्या कॉलेजातले जुने प्रोजेक्ट, सगळं जागच्या जागी राहिलं. मी जांभया द्यायचो. एकदा वैतागून सुभेदारांना म्हटलं, "नवी डिस्क टाकू आप्पा. नव्या प्रकारची. उडायला लागेल डबा, आणि ही आवराआवरसुद्धा करायला नको." सुभेदार म्हणाले, "जुनी कंडम झाल्याबिगर नवी मागता येत न्हाई." काकींनी विचारलं, "मग त्या चौकटी दिसणार न्हाईत?" मी म्हटलं, नाही. "मग नगं."

मग तो रविवार आला. मी तेव्हा कराडला नात्यातल्या साखरपुड्याला गेलो होतो. पण सुभेदार, काकी आणि मुलगा, तिघांकडूनही ऐकल्यामुळे मला तो मी बघितल्यासारखा आठवतो.

सुभेदार शनिवारी संध्याकाळी साफसफाई लावायचे, सकाळपर्यंत उरकायची. त्या रात्री मधेच लाईट गेली, म्हणून त्यांनी ती सकाळी पुन्हा पहिल्यापासून लावली. अकरा वाजले तरी लाल बरंच शिल्लक होतं. काकी म्हणाल्या, "आवं, बंद करा की ते. पोराचा फोन यील." सुभेदार म्हणाले, "ड्यूटी पुरी झाल्याबिगर पहाऱ्यावरचा संत्री हलवायचा नसतो." माणूस उभ्या आयुष्यात शिकलेलं एकदम कसं सोडणार? कॉल आला. तो डबा एकीकडे आवरत होता, दुसरीकडे बोलणार होता. त्याला ते झेपलं नाही. पुण्यात मुलाला पडद्यावर आई दिसली. अगदी जवळ आलेला चेहरा, मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं. आणि ती हलेना. मग पडदा काळा झाला.

त्यानं फोन लावले. सुभेदारांचा बटणांचा फोन आतल्या खोलीत, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात वाजत राहिला; इकडे दोघांना वाटलं, साफसफाई उरकली की पोराला परत लावू. मुलगा घरातल्या कपड्यांवर तसाच निघाला. खंबाटकीच्या घाटात ट्रकांची रांग लागली होती. त्या रांगेत तो काय काय बोलला देवाला, हे त्यानं मला पुढे कधीतरी सांगितलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तो दुपारी पोचला. दार सताड उघडं. आत दोघं कॉम्प्युटरसमोर शेजारी शेजारी बसलेली. पावलं ऐकून काकींनी मान वळवली. "कोण? इंजिनेर व्हय रं? ये, लाल आता थोडंच ऱ्हायलंय."

तो उंबऱ्यावरच बसला. "आई, मला वाटलं..." एवढंच म्हणाला.

सुभेदार उठून सरळ उभे राहिले. "चूक माझी हाय," ते म्हणाले. काकी मला नंतर सांगायच्या, की एवढ्या वर्षांत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

"आता काही ऐकणार नाही मी," मुलगा म्हणाला. "ठरलंय तसं. कपडे भरा."

काकी उठल्या. भिंतीला, दाराला, कशालाही हात न लावता स्वयंपाकघरात गेल्या. गॅस पेटवला. आधण ठेवलं. डब्यांच्या रांगेतून बरोबर साखरेचा डबा काढला, मुलगा साखर कमी खातो म्हणून अर्धाच चमचा घातला. कप भरून आणला आणि उंबऱ्यावर बसलेल्या मुलाच्या हातात नेमका ठेवला. एक थेंब बशीत नाही. मग म्हणाल्या, "तकडं मला तुला च्यासुदीक करून देता येत न्हाई रं."

मुलानं चहा संपवला आणि एकटाच परत गेला.

त्यानंतर साफसफाई शुक्रवारी व्हायला लागली. रविवारी अकराला कधी काही अडलं नाही. त्या डब्याची खरं तर मुदत संपली होती, पण तो चालला. कसा, ते मला विचारू नका.

पुढच्या थंडीत काकी गेल्या. झोपेतच, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. त्यांना हवं होतं ते त्यांना मिळालं, असं कॉलनीत सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दिवसकार्य आटोपल्यावरच्या रविवारी भिंतीवरून हाक आली. मी गेलो. सुभेदारांनी डब्यावर ठकठक केली, "जवान, रिपोर्ट" पुटपुटले, उभे राहिले. चित्रं आली. सॉफ्टवेअरनं आपली यादी दाखवली. त्यांनी पहिलं नाव मोठ्यानं वाचलं, "गावच्या जत्रेचा व्हिडिओ." आणि थांबले. मीही थांबलो. स्टूल तिथंच होतं. आम्ही दोघं कशाची वाट बघत होतो, ते दोघांनाही माहीत होतं. मला फार वाईट वाटलं. इतक्या रविवारी मी ज्या उत्तराला कंटाळलो होतो, ते उत्तर यावं म्हणून मी कान देऊन बसलो होतो.

"बोर्ड बसत न्हाई गड्या," ते म्हणाले. "मेंबर कमी पडला." आणि त्यांनी यादी बंद केली.

पुण्याला जायला त्यांनी खळखळ केली नाही. "मी तिच्यापायी थांबलो हुतो," एवढंच म्हणाले. घर भाड्यानं दिलं. डबा, पडदा, आणि का कुणास ठाऊक ते स्टूलसुद्धा, माझ्या ताब्यात दिलं. "चालू ठेव. बंद पडला तर कळव."

बायकोनं कपाळावर हात मारला. दुकानात कमी होते का, म्हणून आता घरातही एक! पण रविवारी अकराला सुभेदारांचा पुण्याहून कॉल यायला लागला, तेव्हा तीही येऊन डोकवायला लागली. माझं चित्र दिसेपर्यंत ते तिकडेही हात मागे बांधून उभे असायचे. दिसलं, की म्हणायचे, "तू बाजूला हो." मग मी कॅमेरा खिडकीकडे वळवायचो. भिंतीपलीकडचं त्यांचं दार दिसायचं, भाडेकऱ्यांची वाळत घातलेली कापडं दिसायची. ते थोडा वेळ बघायचे. बोलणं फारसं नसायचं. शेवटी विचारायचे, "लाल किती हाय?" मी सांगायचो. "लाव मग ड्यूटीवर," म्हणायचे आणि कॉल संपायचा. माझा रविवार मोडायचा तो मोडायचाच.

एका रविवारी अकरा वाजून गेले आणि कॉल आला नाही. मला वाटलं, डबाच अडकला. बाण हलवून बघितला, हलत होता. नेट होतं. कॅमेरा होता. सगळं ठीक होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मुलाला फोन लावायला धीर होईना. स्टुलावर बसून राहिलो. थोड्या वेळानं त्याचाच फोन आला.

परवा तो घराचं काय करायचं ते बघायला आला होता. चेहरा उतरलेला, केस पिकायला लागलेले. माझ्याकडे कोपऱ्यातला डबा बघून म्हणाला, "दादा, हे कशाला जागा अडवून ठेवलंय अजून? फोटो वगैरे घेतलेत मी सगळे. फॉरमॅट मारा आणि देऊन टाका कुणाला तरी."

हेच मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण तोंडातून भलतंच आलं. "बोर्ड बसवायला लागेल."

तो हसला. "आता तुम्ही एकटेच राहिलात की मेंबर."

"म्हणूनच तर. एकट्याला कंडम करता येत नाही."

त्यानं डब्यावरची धूळ बोटानं पुसली.  मग मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे रं. खातंय का काय?"

 मी चहाचं सांगायला आत गेलो. बायकोनं आधण ठेवलं, तेवढ्यात बाहेरून दोनदा ठकठक ऐकू आली. चहा उकळला, गाळला, कपांत ओतला. मी कप घेऊन बाहेर आलो, तेव्हा पडद्यावर अजून चित्रं आली नव्हती, आणि तो हात मागे बांधून उभा होता.